कॅमेऱ्याचं घड्याळ, बाळाचं घड्याळ

गेल्या वर्षी पावसाळ्यात माझ्या मुलानं विचारलं, "अब्बा, कासची फुलं बघायला जाऊ या का? मला मनासारखे फोटो काढायचेत. पण या पोरीला घेऊन जमेल?" पोर म्हणजे आमची नात, वय वर्षं अडीच. मी म्हटलं, "जमेल. फक्त वेळापत्रक तिला विचारून करायचं."

तो हसला. पण मी हे गमतीनं म्हटलं नव्हतं.

लहान मूल घरात असलं की निसर्गात फोटो काढायला जाण्याचे दोन प्रकार आपल्याकडे दिसतात. एक तर मुलाला आजीकडे ठेवून जायचं, नाही तर मोठ्यांच्या वेळापत्रकामागे त्याला फरफटत न्यायचं. दुसऱ्या प्रकारात दुपारी बारापर्यंत मूल रडतं, एकपर्यंत आई रडकुंडीला येते आणि दोन वाजता कॅमेरा पिशवीत जातो तो घरी येईपर्यंत निघत नाही.

खरं तर कॅमेऱ्याचं घड्याळ आणि बाळाचं घड्याळ यांचं चांगलं जमतं. सकाळी आणि संध्याकाळी ऊन तिरपं येतं. हवेच्या जास्त थरातून आल्यानं ते मऊ आणि पिवळसर होतं. दुपारचं ऊन डोक्यावरून पडतं, त्यात पाकळ्या पांढऱ्याफटक दिसतात आणि खालची पानं काळीठिक्कर. म्हणून निसर्गाचे फोटो काढणारा माणूस सकाळी दहापर्यंत आणि दुपारी चारनंतर काम करतो. आता अडीच वर्षांचं मूल बघा. मी फजरच्या नमाजाला उठतो, त्यानंतर घरात सगळ्यात आधी जागं होणारं माणूस म्हणजे आमची नात. दहापर्यंत ती टवटवीत असते. बारानंतर तिला झोप लागते आणि चारला ती पुन्हा ताजीतवानी. म्हणजे प्रकाश चांगला तेव्हा ती जागी, प्रकाश वाईट तेव्हा ती झोपलेली. आणखी काय हवं?

या हिशेबानं आम्ही पुण्याहून साताऱ्याचा बेत आखला. अंतर साधारण ११० किलोमीटर. एका दिवसात जाऊन येणारे पुष्कळ आहेत, आम्ही दोन रात्री मुक्काम ठेवला. पहिल्या दिवशी तिची जेवणं उरकून दुपारी निघायचं, म्हणजे हमरस्त्याचा कंटाळवाणा भाग झोपेत जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी कास. दुपारी मुक्कामी येऊन सगळ्यांनी झोपायचं, कॅमेऱ्यानंसुद्धा. तिसऱ्या दिवशी सकाळी ठोसेघरचा धबधबा, आणि दुपारच्या झोपेत परत. दिवसाला एकच ठिकाण. दुसरं ठिकाण जमलं तर बक्षीस समजायचं.

साताऱ्याहून कास साधारण पंचवीस किलोमीटर, वाटेत यवतेश्वरचा घाट. घाटात मुलांना गाडी लागते, त्याचं कारण समजून घेतलं तर उपायही सुचतो. आपल्या कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणारी यंत्रणा असते. ती मेंदूला सांगते, आपण हलतोय, वळतोय. डोळे मात्र हातातल्या मोबाइलवर किंवा चित्रांच्या पुस्तकावर असतील तर ते सांगतात, सगळं स्थिर आहे. या दोन साक्षी जुळल्या नाहीत की मळमळ सुरू होते. म्हणून घाटात मोबाइल नको, पुस्तक नको. दूरचा डोंगर दाखवावा, ढग दाखवावा, गाणं म्हणावं. निघण्यापूर्वी पोट रिकामं नको आणि तुडुंबही नको. काच थोडी खाली असावी, वेग कमी असावा. औषध द्यायचंच झालं तर डॉक्टरांना विचारून.

आणि मूल मांडीवर नको. आईच्या हातात ते सुरक्षित असतं हा आपला गोड गैरसमज आहे. गाडी जोरात आदळली तर दहा-बारा किलोचं मूल काही शे किलोच्या जोरानं पुढे फेकलं जातं, तो जोर कुठल्याही आईच्या हातांना पेलत नाही. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्ट्यानं किंवा मुलांसाठीच्या खास खुर्चीत बांधणं सक्तीचं आहे. नाही तर हजार रुपये दंड. ही खुर्ची मागच्या आसनावर बसवायची. मुलाला तिची सवय व्हायला आठवडाभर लागतो, म्हणून ती सहलीच्या सकाळी विकत आणू नये.

आता कासविषयी. हे जांभ्या दगडाचं पठार. दगडावर मातीचा थर अगदी पातळ, त्यामुळे मोठी झाडं कमी आणि पावसाळ्यात फुलांचा गालिचा. साडेआठशेच्या आसपास सपुष्प वनस्पतींची इथं नोंद आहे. २०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात कासचा समावेश आहे. ऑगस्टअखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत फुलांचा बहर असतो. दर आठवड्याला रंग बदलतो, कधी तेरड्याचा गुलाबी, कधी सोनकीचा पिवळा, कधी सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा. दिवसाला ठरावीक माणसांनाच प्रवेश मिळतो, म्हणून नोंदणी आधी करावी. शनिवार-रविवार टाळावा. आभाळ भरून आलं तर हिरमुसू नये. ढग म्हणजे सूर्यावर धरलेला मलमलीचा पडदा, त्यातून झिरपणाऱ्या उजेडात फुलांचे फोटो उन्हापेक्षा चांगले येतात. मात्र वातानुकूलित गाडीतून उतरल्या-उतरल्या कॅमेरा काढला तर भिंगावर बाष्प धरतं. तो पिशवीतच थोडा वेळ बाहेरच्या हवेत राहू द्यावा.

तिथं गेल्यावर एक गंमत कळली. कासची बरीचशी फुलं घोट्याएवढ्या उंचीची. आम्ही मोठी माणसं उभ्यानं रंग बघत होतो. नात पायवाटेवर उकिडवी बसली आणि तिनं बोट दाखवलं ते दवबिंदूच्या रोपाकडे. त्याच्या पानांवर चिकट थेंब असतात आणि त्यात बारीक किडे अडकतात. या मातीत नत्र कमी, म्हणून हे रोप ती उणीव किडे खाऊन भरून काढतं. सीतेची आसवंही त्याच जातकुळीची. माझा मुलगा तिच्या शेजारी पोटावर आडवा झाला आणि त्या दिवसाचा सगळ्यात चांगला फोटो त्याला मिळाला. फुलांच्या उंचीला यायचं असेल तर लहान मुलासारखा वाटाड्या नाही. फक्त पायवाट सोडायची नाही, हे तिलाही शिकवायचं आणि बापालाही.

आता जे सांगायला मी इथवर आलो ते सांगतो. १९९८ साली याच पठारावर मी मित्राचा कॅमेरा घेऊन गेलो होतो. छत्तीस फोटोंचा एक रोल. हाच मुलगा तेव्हा दोन वर्षांचा होता. मी डोळा कॅमेऱ्याला लावून एका फुलावर वारा थांबायची वाट बघत होतो. मला वाटत होतं पोर आईजवळ आहे, आईला वाटत होतं माझ्याजवळ. डोळा काढला तेव्हा तो कुणाजवळच नव्हता. गुरं वळणारी एक बाई त्याला कडेवर घेऊन आली. म्हणाली, "तिकडं कड्याकडं निघालं होतं लेकरू." तिचे आभार मानायलाही माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. रोल धुऊन आला, फुलांचे फोटो छान होते. मी ते आजवर कुणाला दाखवलेले नाहीत.

कॅमेऱ्यात बघणारा माणूस तेवढ्या चौकटीपुरताच जागा असतो. म्हणून आमच्या घरात आता नियम आहे. ज्याच्या हातात कॅमेरा, त्याच्याकडे मूल नाही. ज्याच्याकडे मूल, त्याच्या हातात काहीच नाही, मोबाइलसुद्धा नाही. आणि मूल सोपवताना मनात म्हणायचं नाही, तोंडानं म्हणायचं, "आता ही तुझ्याकडे." समोरच्यानं "माझ्याकडे" म्हटल्याशिवाय हात सोडायचा नाही. धबधब्यापाशी, कड्यापाशी, रस्त्याच्या कडेला, सगळीकडे हाच नियम.

बाकी सामानाची यादी आया आपल्यापेक्षा चांगली करतात. दोन जादा कपडे, रेनकोट, पिण्याचं पाणी, मऊ भाताचा डबा, आणि कचरा परत आणायला एक पिशवी.

तिसऱ्या दिवशी ठोसेघरला कठड्याजवळ मुलानं कॅमेरा काढला. नात त्याच्याकडे बघत होती, मग माझ्याकडे, मग आजीकडे. आणि तिनंच विचारलं, "आता मी कुणाकडे?"

आम्ही तिघंही एकदम म्हणालो, "माझ्याकडे." त्या धबधब्याचा फोटो काढायचा राहून गेला.