खानेसुमारी आणि उसाच्या कोप्या

सरकारनें 2025 सालीं अधिसूचना काढून खानेसुमारीचा संदर्भदिन 1 मार्च 2027 असा ठरविला. उसाची तोड त्या वेळीं चालूच असते. या एका गोष्टीकडे आमच्या शेतकरी बंधूंचें लक्ष वेधावें, म्हणून हे चार शब्द.

खानेसुमारी म्हणजे डोकीं मोजणें, असा समज आहे. परंतु डोक्यांच्या आधीं जमीन वाटावी लागते. गांव, वाडी, वस्ती यांचे गट पाडून नकाशा काढतात, घरांस अनुक्रम घालतात व एकेका प्रगणकास ठराविक लोकवस्तीचा गट देतात. दोन गटांच्या हद्दींत फट राहिली तर तेथील माणूस कोणत्याच कागदावर येत नाहीं. हद्दी एकमेकींवर चढल्या तर तोच दोनदां येतो. बांधाचा तंटा ज्यानें पाहिला आहे, त्यास अधिक सांगणें नको.

1931 पर्यंत एका रात्रींत गणना उरकीत. 1941 पासून ती चाल सुटली. 2011 सालीं 9 ते 28 फेब्रुवारी गणना, शेवटच्या रात्रीं बेघरांची मोजदाद आणि 1 ते 5 मार्च फेरतपासणी, असा क्रम होता. या सबंध मुदतींत जो घरीं नाहीं, त्यास घरीं लिहावयाचें नाहीं. तो जेथें असेल तेथें लिहावा, असा नियम. बीडकडील ऊसतोड कुटुंबें तेव्हां कारखान्यांच्या शिवारांत कोप्या घालून असतात. घरयादी आदल्या वर्षीं झालेली. तेव्हां तेथें मोकळें रान! त्या वेळीं आम्ही तालुका कचेरींत कारकून होतों. दोन प्रगणक एकाच कोप्यांवरून भांडत आले. जो तो त्या दुसऱ्याच्या गटांत आहेत म्हणे. नकाशा उलगडला तों हद्द ओढ्याची, आणि कोप्या कोरड्या ओढ्यांतच! अखेर दोघांसही बरोबर धाडावें लागलें.

सुटलेल्यांचा अजमास नमुन्यानें करितात. पीककापणी प्रयोगांत सबंध शेत कापीत नाहींत. यदृच्छेनें जागा धरून 10 मीटर लांब व 5 मीटर रुंद तुकडा कापतात. जोमदार वाफा आपण निवडला तर हिशेब फसला. तसेंच गणनेनंतर यदृच्छेनें निवडलेल्या गटांत दुसरीं माणसें जाऊन पुन्हा मोजतात व ताडून पाहतात. 2011 च्या अशा तपासणींत, दुबार नोंदी वजा जातां, हजारीं 23 माणसें सुटल्याचें दिसलें. 121 कोटींच्या देशांत हे अडीच कोटींहून अधिक होतात. नमुना इतर कामींही येतो: 1981 सालीं मोठ्या राज्यांत स्थलांतरादि जादा प्रश्न शेंकडा 20 गटांतच विचारले.

मात्र हजारीं 23 म्हणजे नेमके कोण व कोणत्या गांवचे, हें नमुना सांगत नाहीं. गांवाचा आंकडा जसा लागला तसाच राहतो. म्हणून कागदावर येण्याची संधि मोजणीच्या वेळींच.

2011 चाच नियम राहील असें धरून सांगतों. 2027 च्या फेब्रुवारींत ज्यांच्या रानांत कोप्या पडतील, त्यांनीं ती जागा पर्यवेक्षकास आधींच दाखवावी. मुकादम कोयत्यांचा आंकडा देतो, त्यांत मुलें येत नाहींत. तरी कोपींतील माणसांनीं आपलीं व मुलांचीं नांवें स्वतःच्या तोंडानें प्रगणकास लिहून द्यावीं.