पेठेतील जुने घर : घेण्यापूर्वी पारखावे कसे?

पुण्यातील व्यापारी कुटुंबांत अलीकडे एक विषय वारंवार निघतो. मुले मोठी झाली, भावाभावांचे संसार वेगळे होऊ लागले, राहते घर अपुरे पडू लागले. दुकान मात्र अजूनही रविवार पेठेत किंवा भवानी पेठेतच आहे. अशा वेळी बिबवेवाडी-कोंढव्याकडे सदनिका घ्यावी, की नाना पेठ, गंज पेठ, भवानी पेठ अशा तुलनेने परवडणाऱ्या जुन्या वस्तीत एखादे लहानसे घर पाहावे?

दुसऱ्या पर्यायाचे आकर्षण खोटे नाही. दुकानापासून घर पाच मिनिटांवर असले, म्हणजे सूर्यास्तापूर्वी घरी येऊन जेवण करून पुन्हा गल्ल्यावर बसता येते. चौविहार पाळणाऱ्या दुकानदारालाच या सोयीचे खरे मोल कळते. वयोवृद्ध मातापित्यांना गुरुवार पेठेतील गोडीजी पार्श्वनाथ मंदिरात पायी जाता येते. त्यासाठी कोणाची वाट पाहावी लागत नाही. सप्टेंबर २०२४ पासून स्वारगेटपर्यंतची भुयारी मेट्रो सुरू झाल्याने मंडईच्या आसपासच्या पेठा उर्वरित शहराशी अधिक जवळ आल्या आहेत.

तथापि, एक गोष्ट व्यापाऱ्याला शिकवावी लागत नाही. माल बाजारभावापेक्षा स्वस्त मिळत असेल, तर स्वस्ताईचे कारण आधी शोधावे. जुन्या घराच्या बाबतीत हे कारण कागदांत असते, आत राहणाऱ्या माणसांत असते, जागेच्या मापात असते किंवा भिंतींत असते. ही चार कारणे याच क्रमाने तपासली, तर वेळ आणि पैसा दोन्ही वाचतात. कागदच सदोष निघाले, तर भिंती पाहण्याचे श्रम घेण्याचे कारण उरत नाही.

कागद काय सांगतात?

पेठांतील मिळकतींना सातबारा नसतो; तेथे नगर भूमापन कार्यालयाचे मालमत्ता पत्रक, म्हणजेच प्रॉपर्टी कार्ड पाहावे लागते. त्यावर सिटी सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ, सत्ता प्रकार, धारकांची नावे आणि वेळोवेळी झालेल्या नोंदी असतात. महापालिकेच्या मिळकतकराच्या पावतीवर विक्रेत्याचे नाव आहे, एवढ्यावरून मालकी सिद्ध होत नाही. वकिलांकडून किमान तीस वर्षांचा शोध घ्यावा आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी. जमीन एखाद्या सार्वजनिक न्यासाची असेल, तर धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीवाचून ती विकता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

पत्रकावर अजून आजोबांचेच नाव आहे, असे अनेक ठिकाणी आढळते. अशा वेळी सर्व वारसांची नावे लागलेली असणे आणि त्या सर्वांच्या सह्या होणे आवश्यक असते. यात विवाहित मुलीही आल्या. हिंदू उत्तराधिकार कायदा जैन समाजालाही लागू आहे. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित संपत्तीत मुलीला जन्मतः मुलाइतकाच हक्क मिळाला आणि वडील त्या वेळी हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. ‘बहिणींचे आम्ही पाहून घेऊ’ असे विक्रेता म्हणत असेल, तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र हाती येईपर्यंत विसार देऊ नये.

आत राहणारी माणसे

पेठेतील घर स्वस्त असण्याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे जुना भाडेकरू. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आहे. घर विकले गेले म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही. नवा खरेदीदार त्याचा मालक होतो, एवढेच. स्वतःच्या गरजेसाठी जागा परत मागता येते. परंतु ती गरज न्यायालयात सिद्ध करावी लागते आणि त्यात वर्षे जातात. भाडेकरूच्या निधनानंतर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयालाही संरक्षण मिळू शकते.

म्हणून खालच्या खोलीत चाळीस वर्षे राहणाऱ्या आजींकडे घराचा दोष म्हणून पाहू नये. त्यांचा हक्क आहे म्हणूनच घराचा भाव उतरलेला आहे. उतरलेल्या भावात घर घ्यायचे आणि मग नळ तोडून, जिना अडवून त्यांना बाहेर काढायचे, हा व्यवहार कायद्याला मान्य नाही आणि आपल्या संस्कारांनाही शोभणारा नाही. त्या जागा सोडण्यास स्वखुशीने तयार असतील, तर योग्य मोबदला धनादेशाने देऊन खरेदीपूर्वीच नोंदणीकृत लेख करून घ्यावा. तयार नसतील, तर त्या तेथेच राहणार आहेत असे धरून आपल्याला उरलेली जागा पुरते का, याचा विचार करावा.

जागा किती आणि उरणार किती?

वीस फूट रुंद व पंचवीस फूट लांब, म्हणजे पाचशे चौरस फुटांचे घर घेऊ. जुन्या भिंती दीड फूट जाडीच्या असतील, तर आतून माप भरते सतरा गुणिले बावीस, म्हणजे ३७४ चौरस फूट. एक चतुर्थांश जागा भिंतींनीच घेतली! म्हणून आतले माप स्वतः फीत लावून घ्यावे. बोळ, जिना, नळ, शौचालय यांपैकी काय सामाईक आहे आणि शेजाऱ्याची तुळई आपल्या भिंतीवर टेकलेली आहे का, हेही पाहून घ्यावे.

त्यानंतर महापालिकेच्या विकास आराखड्यातील अभिप्राय मागवावा. रस्तारुंदीत समोरचे पाच फूट जाणार असतील, तर वरील घराची शंभर चौरस फूट जागा भविष्यात कमी होईल. नदीकाठच्या पेठांत आणि नागझरी नाल्यालगत निळी व लाल पूररेषा पाहावी. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटल्यानंतर नदीलगतच्या पेठांतील मातीच्या भिंतींची असंख्य घरे पाण्यात बसली, ही आठवण पुण्यात आजही ताजी आहे. शनिवारवाड्यासारख्या राष्ट्रीय संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरच्या आत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढील दोनशे मीटरपर्यंत परवानगी घ्यावी लागते. कसबा किंवा शनिवार पेठेत घर पाहणाऱ्यांनी हे अंतर मोजून घ्यावे.

‘उद्या बिल्डर येईल आणि सोने होईल’ या वाक्यावर अनेक सौदे होतात. परंतु अरुंद रस्त्यावरील लहान भूखंडात मोकळी सोडायची जागा, जिना आणि वाहनतळ वजा जाता फारसे काही उरत नाही. शेजारचे चार मालक एकत्र आले तरच काही घडते आणि ते केव्हा येतील, हे कोणाच्याच हाती नसते.

भिंती काय सांगतात?

घर एकदा भर पावसात पाहावे, एकदा सकाळी पाण्याच्या वेळी आणि एकदा सायंकाळी. वाड्याच्या घरात पाया दगडी, सांगाडा सागवानी आणि मध्ये वीट किंवा पांढरी माती असते. सागवान सहसा दगा देत नाही. दगा देते ते तुळईचे भिंतीत गेलेले टोक. तेथे ओल मुरते आणि वाळवी लागते. हातोडीने ठोकून आवाज पोकळ येतो का, टोच्या सहज आत जातो का, हे सुताराकडून पाहून घ्यावे. भिंतीच्या पायथ्याशी लोणा लागला असेल, तर ओल जमिनीतून चढते आहे असे समजावे. चुना-मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केलेला असेल, तर ती ओल आतच कोंडली जाते. वरून रंग ताजा दिसतो, आत भिंत भुसभुशीत होत राहते.

साठ-सत्तरच्या दशकात टाकलेल्या स्लॅबची परीक्षा वेगळी. आतल्या सळ्या गंजतात, गंजून फुगतात आणि काँक्रीटचे पोपडे सुटतात. मोरीखालचे आणि गच्चीखालचे छत आवर्जून पाहावे. भेग दिसली, तर तिच्यावर काचेची पट्टी चिकटवून काही आठवडे थांबावे. पट्टी तडकली तर भेग अजून हलते आहे. तीस वर्षांहून जुन्या इमारतीची संरचना अभियंत्याकडून तपासणी करून घेतल्याशिवाय सौदा पक्का करू नये. वीजजोडणीची जुनी तार, अर्थिंग आणि सांडपाण्याची वाट याच वेळी पाहावी. बोळातून रुग्णाची खाट बाहेर नेता येते का आणि उभा जिना आईवडिलांना चढवेल का, हेही त्यातच आले.

खरी किंमत

उदाहरणादाखल, सौदा साठ लाखांचा ठरला आणि शासकीय मूल्यदरानुसार किंमत सहासष्ट लाख निघाली असे समजू. मुद्रांक शुल्क या दोहोंतील मोठ्या रकमेवर लागते. पुण्यात ते ७ टक्क्यांप्रमाणे ४,६२,००० रुपये होते. नोंदणी फी कमाल मर्यादेप्रमाणे ३०,००० रुपये. अभियंत्याने दुरुस्तीचा अंदाज बारा लाख दिला, तर त्यात चौथा हिस्सा वाढवून पंधरा लाख धरावेत, कारण जुनी भिंत उघडल्यावरच तिचे खरे रूप दिसते. एकूण बेरीज ७९,९२,००० रुपये. म्हणजे साठ लाखांचे घर प्रत्यक्षात ऐंशी लाखांना पडते आणि तुलना सदनिकेशी करायची ती या ऐंशी लाखांची.

बँक जुन्या बांधकामाचे उर्वरित आयुष्य पाहून कर्ज देते, त्यामुळे कर्जाची चौकशी विसारापूर्वीच करावी. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने देणे-घेणे कायद्याने निषिद्ध आहे. पन्नास लाखांपासून पुढच्या सौद्यात खरेदीदाराने १ टक्का कर कापून भरायचा असतो. ‘काही भाग रोखीत’ असा प्रस्ताव आला, तर तेथेच हात जोडून उठावे.

शेवटी कसोटी एकच ठेवावी. बिल्डर कधीच आला नाही, भाव वाढले नाहीत, शेजारी एकत्र आले नाहीत, तरीही दुरुस्त केलेल्या या घरात आपले कुटुंब पुढची वीस वर्षे समाधानाने राहील का? उत्तर होकारार्थी असेल, तर पेठेतील लहान घर हा शहाणपणाचा सौदा आहे. उत्तर देताना मन ‘पुढे पाहू’ असे म्हणत असेल, तर ती रक्कम दुकानाच्या भांडवलात राहिलेलीच बरी.