धाव : पाय, पाणी आणि चाक

चाकणच्या तळेगाव चौकात सकाळच्या पाळीच्या वेळी उभे राहा. कंपनीची बस गाठायला माणसे धावत असतात आणि शेजारून नव्याकोऱ्या गाड्या पाठीवर घेतलेले ट्रेलर जात असतात. या साऱ्या लगबगीला पुरून उरणारा एक जुना शब्द आपल्याकडे आहे : धाव.

संस्कृतच्या धातुपाठात ‘धाव्’ या धातूपुढे दोन अर्थ दिले आहेत : गती आणि शुद्धी. पळणेही तेच, धुणेही तेच! म्हणून धावणारा तो धावक आणि दात घासणे ते दंतधावन. ग्रीक भाषेतले ‘थेओ’, म्हणजे ‘मी धावतो’, हे या गतीच्या अर्थाचे दूरचे भावंड.

‘पळणे’ वेगळ्या घरातून आले. ‘परा’ म्हणजे दूर आणि ‘अय्’ म्हणजे जाणे. ‘र’चा ‘ल’ झाला आणि ‘पलायन’ घडले. त्या जन्माची खूण अजून पुसलेली नाही. चोर पळून जातो, शेजारी मात्र मदतीला धावून येतो. संकटात देवाचा धावा करतात, कारण त्याने आपल्याकडे यायला हवे असते. खेड-मावळच्या घाटात शर्यतीचा बैल ‘पळतो’, तेव्हा त्या पळण्यात भीती नसते, अभिमान असतो. तरी कुणासाठी तरी जिवाच्या आकांताने जायचे, तर मराठी माणूस ‘धावून’च जातो.

खरी नवलाई पुढे आहे. विहिरीवर मोट चालायची, तेव्हा बैल ज्या उतरत्या वाटेने जात, तिचे नाव धाव. बैल उतार उतरत, नाडा ताणला जाई, मोट वर येई आणि पाणी थारोळ्यात कोसळे. बैलांच्या पायांची गती दोरावरून पाण्यात उतरे.

आणि बैलगाडीच्या लाकडी चाकावरची लोखंडी पट्टी? तीही धावच. लोहार ती चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करी. भट्टीत तापली की लोखंड प्रसरण पावे आणि पट्टी चाकावर बसे. लगेच वरून पाणी ओतले की चर्रकन वाफ उठे, पट्टी आकसे आणि साऱ्या लाकडी जोडांना करकचून आवळून धरी. खिळ्यावाचून, केवळ उष्णतेच्या बळावर!

आज त्या पट्टीच्या जागी रबरी टायर आहे आणि पिंपरी-चिंचवड ते चाकण हा पट्टा देशभर चाके पाठवतो. ६ मार्च २०२२ रोजी पिंपरी ते फुगेवाडी मेट्रो सुरू झाली. तिच्या चाकांना लोहाराची धाव नाही, पण तिच्यासाठीही आपण वेगळे क्रियापद शोधले नाही. मेट्रो ‘धावू लागली’, असेच म्हटले.