सोशिक इंजिनाचं दुखणं

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० गुडगावच्या कारखान्यातून बाहेर पडली आणि २०१४ च्या जानेवारीत तिचं उत्पादन थांबलं. तिच्या बॉनेटखालचं ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं इंजिन मात्र थोडेफार बदल पोटात घेऊन अल्टोमध्ये २०२३ पर्यंत चालत राहिलं. इतकी वर्षं एकाच मापाचं इंजिन रस्त्यावर असलं की त्याच्याबद्दल एक वाक्य पक्कं होऊन जातं: ‘या इंजिनाला काही होत नाही.’ जुन्या गाडीच्या सौद्यात हे वाक्य हमखास येतं आणि बहुतेकदा ते विकणाऱ्याचं असतं. ते अर्धंच खरं आहे. हे इंजिन सोशिक आहे, आणि आपण त्या सोशिकपणालाच टिकाऊपणा समजून बसलो आहोत. टिकाऊ वस्तू झिजत नाही. सोशिक वस्तू झिजते, पण बोलत नाही. टर्बो नसलेल्या छोट्या पेट्रोल इंजिनाची देखभाल का चुकते, ते या फरकात दडलेलं आहे.

आधी खऱ्या अर्ध्याबद्दल. टर्बो नसलेलं इंजिन पिस्टन खाली उतरताना जेवढी हवा ओढली जाईल तेवढ्यावरच भागवतं. सिलिंडरमध्ये शिरणाऱ्या हवेचा दाब बाहेरच्या वातावरणापेक्षा सहसा वाढत नाही. महाबळेश्वरला चढून गेलं तर तो आणखी कमीच होतो आणि गाडी मंदावते. हवा कमी म्हणून पेट्रोल कमी, पेट्रोल कमी म्हणून उष्णता आणि दणका कमी. कार्ब्युरेटरच्या काळात या ७९६ सीसीमधून चाळिशीच्या आसपास अश्वशक्ती निघत असे, तर आजची १ लिटरची टर्बो इंजिनं १०० च्या घरात जातात. म्हणजे तेवढ्याच धातूकडून जवळपास दुप्पट काम. पिस्टनचा वेग पाहिला तरी तेच दिसतं. या इंजिनाचा स्ट्रोक ७२ मिलिमीटरचा. मिनिटाला ३००० फेऱ्यांवर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला ७.२ मीटर भरतो आणि ५५०० फेऱ्यांवर १३.२ मीटर. शर्यतीच्या मोटरसायकलींत हा आकडा २० च्या पुढे जातो. ‘छोटं इंजिन सतत ताणून चालवावं लागतं, ते लवकर जाणारच’ हा आक्षेप म्हणूनच फारसा टिकत नाही. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये ओरडणारं इंजिन कानाला जेवढं त्रासलेलं वाटतं तेवढं आतून नसतं. उलट चौथ्या गिअरमध्ये रेटत, कुंथत चढवलेलं इंजिन जास्त सोसतं.

मग ही इंजिनं जातात कशाने? कामाने क्वचितच. जातात ती पाण्याने आणि ऑइलने, आणि या गोष्टीची सुरुवात थर्मोस्टॅटपासून करायला हवी. लिंबाएवढा हा भाग. आत मेणाची एक कुपी असते. पाणी ८० ते ९० अंशांच्या दरम्यान तापलं की मेण वितळून फुगतं, दांडी ढकलतं, झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडे जाऊ लागतं. तोवर ते इंजिनातच फिरत राहतं, म्हणजे इंजिन लवकर गरम होतं. आपल्याकडे मात्र गाडी तापल्याची तक्रार आली की अनेक गॅरेजांत हा भाग काढून बाजूला टाकतात. ‘आपल्या हवेत याची गरजच नाही, हे थंड देशातलं आहे,’ असं त्यावर सांगितलं जातं. हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण झडप बंद अवस्थेत अडकली की इंजिन खरोखरच उकळतं आणि झडप काढली की गाडी त्या दिवशी खरोखरच बरी होते. मेकॅनिकने डोळ्यांनी पाहिलेलं असतं ते खोटं नसतं. प्रश्न एवढाच की झडप अडकली कशाने? बहुतेकदा बोअरच्या जड पाण्याचा क्षार आणि गंज यांनी. तो क्षार रेडिएटरच्या नळ्यांतही बसलेला असतो आणि झडप काढल्यावरही तिथेच राहतो.

काढल्यानंतर काय होतं ते मात्र गॅरेजात दिसत नाही, कारण ते व्हायला वर्ष-दोन वर्षं लागतात. झडप नसली की पाणी पहिल्यापासूनच रेडिएटरकडे जातं. घर ते ऑफिस पाच किलोमीटर, संध्याकाळी परत पाच, अशी गाडी चालवली तर इंजिन पूर्ण तापायच्या आत बंद होतं. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीतला कॉम्प्युटर पाणी थंड आहे असं पाहून जास्त पेट्रोल सोडत राहतो. न जळलेलं थोडं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ओघळतं आणि ऑइलमध्ये मिसळतं. जळणातून तयार झालेली पाण्याची वाफ बाहेर न पडता ऑइलमध्येच थिजते. ऑइल भरायचं झाकण उघडून त्याची आतली बाजू पाहिली की पुरावा समोर येतो: फिकट पिवळट, लोण्यासारखा चिकट थर. पावसाळ्यात असा पातळसा थर निरोगी इंजिनातही धरतो, त्यामुळे तो दिसताच हेड गॅस्केट गेलं म्हणून घाबरायचं कारण नाही. पण बारा महिने तो असेल तर इंजिन बहुधा कधी नीट तापतच नाही. थोडं चालणारी गाडी कमी झिजते, हा आपला आवडता समज. तिच्या बाबतीत किलोमीटरऐवजी महिने मोजून ऑइल बदलायला हवं. वर्षात दोनच हजार किलोमीटर झाले तरी ऑइल वर्षाने बदला, असं कंपन्यांच्या पुस्तिका सांगतात, ते ऑइल विकायला नव्हे.

कूलंटची गोष्टही अशीच आहे. महाराष्ट्रात पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला, नळाचं पाणी काय वाईट? गोठण्याचा मुद्दा बरोबर आहे, पण कूलंटचं आपल्याकडचं मुख्य काम गंज रोखण्याचं आहे. हेड ॲल्युमिनियमचं, आसपास लोखंडी भाग, आणि या सगळ्यांतून फिरणारं एकच पाणी. भिन्न धातू एका पाण्यात बुडाले की त्यातला एक हळूहळू खाल्ला जातो. शिवाय तापलं की ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. गाडी एकदा जोरात उकळली की हेड वाकतं, गॅस्केट फुटतं आणि लेथवर हेड घासून सपाट करून आणावं लागतं. सुटे भाग स्वस्त आहेत, बिघडल्यावर बदलू, हा हिशेब हॉर्नला किंवा वायपरला चालतो. इथे चालत नाही, कारण गॅस्केट कितीही स्वस्त असलं तरी त्यासाठी अर्धं इंजिन उघडावं लागतं.

टॅपेटकडे मात्र जरा थांबून पाहावं, कारण सोशिकपणाचा याहून चांगला नमुना नाही. जुन्या ८०० मध्ये रॉकरच्या टोकाला स्क्रू आणि नट असतो; व्हॉल्व्ह आणि रॉकर यांच्यातली पाव मिलिमीटरहूनही कमी फट त्याने बसवतात. फीलर गेजची पट्टी त्या फटीतून सरकताना बोटाला किंचित अडखळ जाणवली की फट बरोबर. फट वाढली की ‘टिक टिक’ ऐकू येतं आणि मालक गाडी घेऊन येतो: आवाज बंद करा. घाईत मेकॅनिक स्क्रू जास्त पिळतो, आवाज थांबतो, सगळे खूश. पण एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह थंड होतो तो बंद असताना सीटला टेकून. फट उरली नाही तर तो पुरता टेकत नाही, उष्णता बाहेर जायची वाट बंद होते आणि त्याची कड जळू लागते. एलपीजी किंवा सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांत सीट झिजून व्हॉल्व्ह वर सरकतो आणि ही फट आपोआपच कमी होते, म्हणजे इंजिन दिवसेंदिवस शांत होत जातं. वाजणारा टॅपेट त्रास देतो. मुका टॅपेट एके दिवशी कॉम्प्रेशन घेऊन जातो. त्यानंतरही तीनपैकी दोन सिलिंडरांवर गाडी थरथरत का होईना, पण चालत राहते.

इथे कोणी म्हणेल, कशातच लक्ष न घालता वीस-वीस वर्षं चाललेल्या कितीतरी ८०० आजही तालुक्याच्या गावी दिसतात. दिसतात खऱ्या. पण भंगारात गेलेली गाडी रस्त्यावर दिसत नाही, आणि जी दिसते तिच्यात एकदा रिंगा घातल्या आहेत की दोनदा बोअर केलं आहे, हे रंगावरून कळत नाही. दुसरा आक्षेप नव्या गाड्यांचा: आता सेन्सर आहेत, काही बिघडलं तर दिवा लागेल. तापमानाचा सेन्सर पाण्यात बुडलेला असतो आणि पाण्याचंच तापमान सांगतो. पाइप फुटून पाणी निघून गेलं तर तो हवेत किंवा वाफेत उरतो आणि इंजिन भाजत असताना कमी आकडा दाखवू शकतो. त्यातून अनेक छोट्या गाड्यांत आता काटाही नाही, एक लाल दिवा आहे. तो लागतो तेव्हा सांगण्यासारखं फारसं उरलेलं नसतं.

त्याहून साधी खूण रेडिएटरच्या झाकणावर असते. बऱ्याच झाकणांवर ०.९ असा दाबाचा आकडा लिहिलेला असतो. वातावरणाच्या दाबाहून एवढा जादा दाब राखला तर साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळतं, १०० ला नाही. घाटातल्या उन्हाळ्यात या अठरा अंशांवर सगळी भिस्त असते. हा दाब धरून ठेवते ती झाकणाच्या आतली रबराची एक चकती. सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, झाकण काढून ती पाहता येते: रबर मऊ आहे की कडक, कडेला चीर आहे का, तिच्यावर गंजाचा तांबूस गाळ बसला आहे का. गाळ बोटाला लागला तर खालचं पाणीही त्याच रंगाचं असतं.