बुबुळाच्या काठावर

तंबाखू मळायला लागणारा चुना पूर्वी चुनाळ्यात असायचा. आता टपरीवर तो प्लास्टिकच्या पुडीत किंवा बोटभर ट्यूबमध्ये मिळतो. ही पुडी मोठ्या माणसाच्या खिशातून किंवा फळीवरून मुलाच्या हाती येते. मूल ती दाबते, पुडी फुटते आणि आतला चुना थेट डोळ्यात उडतो. रसायनाने डोळा भाजलेली जी मुले भारतातल्या मोठ्या नेत्ररुग्णालयांत येतात, त्यांच्यात चुन्याने भाजलेली पुष्कळ असतात. दिल्ली आणि हैदराबादच्या नेत्रतज्ज्ञांनी यावर वैद्यकीय नियतकालिकांत लिहिले आहे.

चुना हा अल्कली. आम्ल डोळ्यात गेले तर तिथली प्रथिने गोठतात आणि त्या गोठलेल्या थरामुळे आम्लाला फार खोल जाता येत नाही. अल्कली मात्र पेशींच्या आवरणातल्या स्निग्ध द्रव्याचा साबण करत आत उतरत राहते. त्यातून ओल्या चुन्याचे कण वरच्या पापणीच्या आत चिकटून बसतात आणि तासन्तास तिथेच झिरपतात. म्हणून पहिला उपचार एकच, आणि तो तिथल्या तिथे करायचा: स्वच्छ पाणी, भरपूर, निदान अर्धा तास. तूप, मध, दूध यांत वेळ घालवायचा नाही. धुणे झाले की लगेच रुग्णालय गाठायचे. तिथे डॉक्टर पापणी उलटून एकेक कण टिपतात.

इजा खोल असेल तर पुढच्या काही आठवड्यांत बुबुळ पांढरट होते, त्यावर कडेने लालसर शिरा चढू लागतात. डोळ्यात फूल पडले, असे आपल्याकडे म्हणतात. अशा डोळ्यावर नेत्रदानातून मिळालेले बुबुळ बसवले, तर सुरुवातीला दिसू लागते. मग काही महिन्यांत तेही गढूळ होते, त्यावरही शिरा चढतात. दुसऱ्यांदा बसवले तरी तेच. शस्त्रक्रियेत चूक नाही, बुबुळ चांगल्या दात्याचे, तरी डोळा ते टिकू देत नाही. यामागचे कारण सापडायला विसावे शतक संपत यावे लागले, आणि ते सापडले गिनी पिग, ससा आणि उंदीर यांच्या डोळ्यांत.

बुबुळ हा शब्द इथे नेत्रदानाच्या अर्थाने, म्हणजे पारपटल या अर्थाने वापरतो आहे. जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा हा पडदा आहे. त्यात रक्तवाहिनी नाही. असती तर आरपार दिसले नसते. प्राणवायू तो बाहेरच्या हवेतून, अश्रूंच्या मार्फत घेतो. त्याच्या अगदी वर पाच ते सात पेशींचा थर असतो, मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा. हाच त्याचा अभिस्तर, म्हणजे एपिथेलियम. शरीराचे बाहेरचे आणि आतले सगळे पृष्ठभाग ज्या ऊतीने मढवलेले असतात, तिचा हा सर्वांत नितळ नमुना. पापणीच्या प्रत्येक उघडझापेत त्याच्या वरच्या पेशी झडतात आणि साधारण आठवडाभरात सगळा थर नवा होतो. या नव्या पेशी येतात कुठून, हा सगळा प्रश्न.

सरळ उत्तर असे वाटे की खालच्या पेशी वर येत असतील. त्वचेत तसेच होते. पण १९४४ मध्ये इंग्लंडमधल्या नेत्रतज्ज्ञ इडा मान यांनी सशाच्या जिवंत डोळ्यात जखम कशी भरते ते पाहिले, तेव्हा कडेचे काळे रंगकण आत सरकताना दिसले. १९७१ मध्ये मार्टिन डावांगर आणि आर्ने एव्हेन्सेन या नॉर्वेजियन जोडीने गिनी पिगच्या डोळ्यात हेच नीट तपासले. बुबुळ जिथे संपते आणि डोळ्याचा पांढरा भाग सुरू होतो, तिथे एक अरुंद पट्टा असतो. त्याला लिंबस म्हणतात. रंगद्रव्य असते ते या पट्ट्यातल्या पेशींत, बुबुळावर नसते. बुबुळाला जखम झाली की रंगाच्या रेघा या काठाकडून मध्याकडे सरकत जात. या दोघांनी मांडले की बुबुळाचा अभिस्तर त्याच्या काठावरून भरून निघतो. त्या वेळी याकडे फारसे कोणी वळले नाही. १९८३ मध्ये बॉस्टनचे रिचर्ड थॉफ्ट आणि ज्युडिथ फ्रेंड यांनी त्याचे सोपे समीकरण केले: खालून वर येणाऱ्या पेशी अधिक काठाकडून सरकणाऱ्या पेशी बरोबर झडणाऱ्या पेशी. पण समीकरणावरून पेशींचा मूळ ठिकाणा कळत नव्हता.

तो कळला न्यूयॉर्कमध्ये तुंग-तिएन सुन यांच्या प्रयोगशाळेत. सुन एमआयटीत हॉवर्ड ग्रीन यांच्या हाताखाली तयार झालेले. ग्रीन यांनी त्वचेच्या पेशी काचपात्रात वाढवण्याची युक्ती शोधली होती. सुन यांनी तीच सशाच्या पारपटलावर वापरली. पक्व होताना अभिस्तराच्या पेशी ठरावीक केराटिन प्रथिने बनवतात. बुबुळाच्या पक्व पेशीची खूण असलेले केराटिन ओळखणारे प्रतिपिंड सुन यांच्याकडे होते. १९८६ मध्ये त्यांनी, शेर्मर आणि गॅल्विन या सहकाऱ्यांसह, सशाच्या डोळ्याचे पातळ छेद त्या प्रतिपिंडाने रंगवले. बुबुळावर अगदी तळाच्या पेशीही रंगल्या, म्हणजे त्या आधीच पक्व होण्याच्या वाटेला लागलेल्या. लिंबसमध्ये मात्र वरचे थर रंगले आणि तळाचा थर कोराच राहिला. सगळ्या डोळ्यावर तेवढ्याच पेशी अजून काहीच न झालेल्या होत्या. मूळपेशी, म्हणजे ज्यांतून बाकीच्या पेशी उपजतात त्या, असतील तर इथेच, असा निष्कर्ष त्यांनी काढला. एका रंगाच्या नसण्यावरून एवढे मोठे विधान करणे सोपे नव्हते.

पुढचा पुरावा उंदरांचा, आणि मला तो या साऱ्या कहाणीतला सर्वांत देखणा प्रयोग वाटतो. जॉर्ज कॉट्सारेलिस, सुन, रॉबर्ट लॅव्हकर आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये तो प्रसिद्ध केला. पेशी विभागते तेव्हा नवा डीएनए बनवायला तिला थायमिडीन लागते. त्यांनी उंदरांना किरणोत्सारी थायमिडीन बराच काळ सतत दिले, इतके की सावकाश विभागणाऱ्या पेशींनीही ते घेतलेच पाहिजे. मग देणे थांबवले आणि काही आठवडे वाट पाहिली. भराभर विभागणाऱ्या पेशींत ती खूण दर पिढीला निम्मी होत विरून जाते. क्वचित विभागणाऱ्या पेशीत ती तशीच राहते. आठवड्यांनंतर उंदीर मारून डोळ्यांचे छेद घेतले आणि त्यांवर छायाचित्राचे द्रावण पसरून अंधारात ठेवले. किरणोत्साराने द्रावणात काळे ठिपके उमटतात. बुबुळाच्या मध्यावर ठिपका नव्हता. लिंबसच्या तळाच्या थरात काळ्या ठिपक्यांनी भरलेल्या थोड्या पेशी होत्या. एरवी निवांत असणाऱ्या या पेशी बुबुळाला जखम होताच विभागू लागत. पुढच्याच वर्षी याच गटाने याच रीतीने केसांच्या कूपातल्या मूळपेशी शोधल्या.

आता चुन्याच्या डोळ्याचे कोडे उलगडते. चुन्याने बुबुळ भाजले तरी ते भरून निघू शकते. पण चुन्याने काठ जाळला तर भरून काढणारे कोणी उरत नाही. मग पांढऱ्या भागावरची नेत्रश्लेष्मला आपल्या रक्तवाहिन्या घेऊन बुबुळावर चढते. नेत्रदानातून आलेली चकती ही बुबुळाची, मधली. तिच्यावरचा अभिस्तर काही काळात झडून जातो आणि त्याच्या जागी नवा पाठवायला काठावर मूळपेशी नसतात. अमेरिकेत केनेथ केन्यन आणि शेफर त्सेंग यांनी १९८९ मध्ये २६ रुग्णांवर निरोगी डोळ्याच्या काठाचा तुकडा भाजलेल्या डोळ्यावर लावल्याचे निष्कर्ष मांडले. १९९० मध्ये सशांवरच्या तुलनेत दिसले की काठाचा तुकडा लावला तर बुबुळ स्वच्छ होते, श्लेष्मलेचा लावला तर शिरा राहतात.

सशाविषयी इथे थांबून बोलणे भाग आहे. याच प्राण्याचा डोळा दुसऱ्या एका कामासाठीही फार वापरला गेला. १९४४ मध्येच अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातल्या जॉन ड्रेझ यांनी सहकाऱ्यांसह एक चाचणी प्रमाणित केली: पांढऱ्या सशाच्या एका डोळ्यात पदार्थ घालायचा, दुसरा तसाच ठेवायचा, आणि लाली, सूज, गढूळपणा यांना ठरावीक तासांनी गुण द्यायचे. सशाला अश्रू कमी येतात आणि तो पापणी क्वचित मिटतो, म्हणून घातलेला पदार्थ डोळ्यात टिकतो. शाम्पू आणि मस्कारा यांच्यासाठी हे दशकानुदशके चालले. १९८० मध्ये प्राणिहक्क कार्यकर्ते हेन्री स्पायरा यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये पानभर जाहिरात देऊन रेव्हलॉन कंपनीला जाब विचारला. त्या दबावाखाली कंपनीने पर्यायी चाचण्यांच्या संशोधनासाठी रॉकफेलर विद्यापीठाला साडेसात लाख डॉलर दिले. भारताने २०१४ मध्ये सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्यांवर बंदी घातली. प्रयोगशाळेत उभ्या केलेल्या मानवी अभिस्तरावर करायच्या चाचणीला ओईसीडीने २०१५ मध्ये मान्यता दिली, आणि तो अभिस्तर उभा करण्याची विद्या ग्रीन आणि सुन यांच्याच घराण्यातली आहे. सुन यांचा ससा आणि ड्रेझ यांचा ससा सारखेच मेले, हे मी विसरत नाही. तरी दोन्ही एका तागडीत घालणे मला मान्य नाही. एका ठिकाणी उत्तर मिळाल्यावर प्रयोग पुढे सरकला. दुसऱ्या ठिकाणी प्रत्येक नव्या बाटलीसाठी तोच प्रयोग पुन्हा होत राहिला.

तुकडा लावण्यात एक भीती होती. चांगल्या डोळ्याच्या काठाचा मोठा भाग काढला तर तोही डोळा धोक्यात येईल. इटलीत ग्रात्सिएला पेल्लेग्रिनी आणि मिकेले दे लुका यांनी १९९७ मध्ये दोन रुग्णांत यावर वाट काढली. काठाचा एक-दोन चौरस मिलिमीटर तुकडा घेऊन पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या आणि तयार पापुद्रा डोळ्यावर चढवला. त्या पेशी वाढवायला खाली उंदराच्या थ्री-टी-थ्री पेशींचे अस्तर लागते. हॉवर्ड ग्रीन आणि जॉर्ज टोडारो यांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला उंदराच्या गर्भापासून तयार केलेला हा पेशींचा वंश आजही जगभर वाढतो आहे. किरणोत्साराने त्यांची विभागणी थांबवतात. त्या वाढत नाहीत, पण शेजारच्या मानवी पेशींना पोसतात. २०१० मध्ये या इटालियन गटाने ११२ रुग्णांचे निष्कर्ष दिले. ७६.६ टक्के डोळ्यांत बुबुळ कायमचे स्वच्छ झाले होते. २०१५ मध्ये हाच उपचार होलोक्लार या नावाने युरोपात मंजूर झाला, मूळपेशींवर आधारलेले तिथले पहिले मान्यताप्राप्त औषध म्हणून.

पण चुन्याने भाजलेली मुले आपल्याकडची. त्यांच्यासाठी युरोपातल्या निर्जंतुक प्रयोगशाळेचा खर्च कोण देणार? हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत याचे उत्तर शोधले गेले. ही संस्था डॉ. गुल्लापल्ली नागेश्वर राव यांनी उभारली. इथे वीरेंद्र सांगवान, गीता वेमुगंटी, डी. बालसुब्रमणियन यांच्या गटाने उंदराच्या पेशींचे अस्तर वगळले. बाळंतपणात वारेबरोबर येणाऱ्या पातळ आवरणावर, रुग्णाच्याच रक्तातला द्रव घालून, पेशी वाढवल्या. दहा वर्षांत २०० रुग्णांवर हे केले आणि ७१ टक्क्यांत यश आले. आकडा युरोपाच्या जवळ, खर्च कमी, तरीही प्रयोगशाळा लागतच होती.

२०१२ मध्ये सांगवान, सयन बसू आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळाही वगळली. ही शस्त्रक्रिया जवळून पाहण्यासारखी आहे. भाजलेल्या डोळ्यावरचा शिरांचा आणि तंतूंचा पडदा आधी सोलून काढतात. खाली बहुतेकदा अजून बरेच स्वच्छ बुबुळ निघते. त्यावर वारेचे आवरण पसरून फायब्रिनच्या गोंदाने चिकटवतात. निरोगी डोळ्याच्या काठावरून दोन मिलिमीटर लांब-रुंद पट्टी घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली तिचे आठ-दहा तुकडे करतात. मग भाताची रोपे लावावीत तसे ते तुकडे बुबुळावर गोलाकार, अंतर राखून ठेवतात. मधली दृष्टीची जागा मोकळी सोडतात. वर पुन्हा गोंद, आणि एक मऊ कॉन्टॅक्ट लेन्स. पुढच्या तपासणीत डोळ्यात पिवळा-हिरवा रंग टाकून निळ्या उजेडात पाहिले, की न भरलेला भाग हिरवा चमकतो आणि प्रत्येक तुकड्याभोवती काळोखाची कड दिवसागणिक रुंद होते. साधारण दोन आठवड्यांत कडा एकमेकींना मिळतात. पहिल्या निबंधात ६ रुग्ण होते. २०१६ मध्ये १२५ झाले, त्यांत ६० मुले, आणि एकूण यश ७६ टक्के. ज्या कामाला इटलीत निर्जंतुक कारखाना लागे ते एका शस्त्रक्रियागृहात, एका बैठकीत होऊ लागले. आधुनिक भारतीय वैद्यकाच्या मोठ्या कामांत मी याची गणना करतो.

दरम्यान काठाच्या सिद्धान्तावर हल्लाही झाला. २००८ मध्ये लोझानच्या यान बारांदों यांच्या गटाने उंदीर आणि डुक्कर यांच्या डोळ्यांवरून मांडले की मूळपेशी साऱ्या बुबुळावर विखुरलेल्या असतात. वाद रंगला. २०१५ मध्ये इस्रायल आणि ऑस्ट्रेलियातल्या गटांनी असे उंदीर वापरले, ज्यांच्या मूळपेशी वेगवेगळ्या रंगांनी चमकवता येतात आणि तो रंग वंशजांत उतरतो. महिन्यांनी काठापासून मध्यापर्यंत रंगीत पट्टे निघाले, मध्याशी थोडे वळलेले. काठाचा पक्ष जिंकला असे वाटले. पण २०१८ मध्ये त्याच इस्रायली गटाने दाखवले की काठाच्या पेशी काढल्या आणि खालची जमीन शाबूत ठेवली, तर बुबुळाच्या पक्व पेशी मागे फिरून पुन्हा मूळपेशी होऊ शकतात. जमीनही गेली की मग नाही. चुना नेमके हेच करतो: पेशीही नेतो, जमीनही.

दोन्ही डोळे भाजले तर तुकडा घ्यायचा कुठून? ओसाकाचे कोजी निशिदा यांनी २००४ मध्ये ४ रुग्णांच्या गालाच्या आतल्या अस्तराचा पापुद्रा वाढवून डोळ्यावर चढवला. त्यांच्याच गटाने नंतर दात्याच्या पेशी मूळावस्थेला परतवून त्यांतून बुबुळाचा अभिस्तर घडवला, २०१६ मध्ये तो सशांच्या डोळ्यांवर लावून पाहिला, आणि २०१९ मध्ये पहिल्या माणसाच्या. २०२४ मध्ये हा अभिस्तर लावलेल्या चार रुग्णांचा वृत्तान्त आला. गंभीर दुष्परिणाम कुणालाच झाला नाही, दृष्टी चौघांचीही सुधारली. तिघांची वर्षभरानंतरही टिकून राहिली, चौथ्याची मात्र घसरली.