कुत्र्यासमोरचा पितळी कर्णा

ऑनलाइन बाजारात ‘अँटिक ग्रामोफोन’ असं शोधलं की पडदाभर पितळ चमकू लागतं. अष्टकोनी शिसवी पेटी, तिच्यावर कोरलेली वेलबुट्टी, पाकळ्या उमललेला झळझळीत कर्णा आणि दर्शनी बाजूला ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ची, म्हणजे एचएमव्हीची, पट्टी. खाली मजकूर : शंभर वर्षांपूर्वीचा, अस्सल, चालू स्थितीत. किंमत पाच आकडी. त्याच दुकानदाराकडे हुबेहूब असेच आणखी दहा-बारा नग शिल्लक असल्याचंही तिथेच लिहिलेलं असतं, आणि तरी गिऱ्हाइकाला शंका येत नाही.

शंका येत नाही, कारण ग्रामोफोन म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जे चित्र उभं राहतं, नेमकं तेच विकायला ठेवलेलं असतं. आणि हे चित्रच मुळात विक्रीसाठी रंगवलेलं होतं.

फ्रान्सिस बॅरो या इंग्रज चित्रकाराकडे निपर नावाचा कुत्रा होता. तो 1895 मध्ये मेला. पुढे बॅरोने त्याला फोनोग्राफ ऐकताना रंगवलं. हा फोनोग्राफ एडिसनच्या जातीचा, म्हणजे तबकडीचा नव्हे, मेणाच्या नळीवर चालणारा. त्याचा कर्णा काळा होता. चित्र खपेना. काळ्या कर्ण्याऐवजी पितळी दाखव, उठाव येईल, असा सल्ला मिळाला, तेव्हा 1899 मध्ये बॅरो लंडनच्या मेडन लेनमधल्या ग्रामोफोन कंपनीत पितळी कर्णा उसना मागायला गेला. तिथल्या विल्यम बॅरी ओवेन या व्यवस्थापकाने उलट अट घातली : नुसता कर्णा कशाला, यंत्रच आमचं रंगव, चित्र आम्ही घेतो. बॅरोने फोनोग्राफवर रंग चढवून तिथे ग्रामोफोन काढला. चित्राचे पन्नास पौंड आणि हक्कांचे पन्नास पौंड मिळाले. ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ म्हणून जगप्रसिद्ध झालेल्या या चित्रातलं यंत्र असं बदललेलं आहे! आजच्या विक्रेत्यांना यापेक्षा थोर परंपरा कुठून मिळणार?

खऱ्या यंत्रांचा इतिहास मात्र कर्ण्यापासून लवकरच दूर गेला. 1906 मध्ये अमेरिकेतल्या व्हिक्टर कंपनीने ‘व्हिक्ट्रोला’ काढला. त्यात कर्णा कपाटाच्या पोटात दडवलेला होता. दिवाणखान्यात भलामोठा भोंगा नको, हे घरच्यांचं म्हणणं कंपनीला पटलं असावं. बाहेरच्या कर्ण्याची यंत्रं त्यानंतरही काही वर्षं निघत राहिली, पण आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांत तबकडी ऐकली गेली ती मुख्यतः सूटकेससारख्या ‘पोर्टेबल’ पेटीवर. 1931 मध्ये आलेलं एचएमव्हीचं ‘102’ हे त्यातलं नामांकित मॉडेल. झाकण उघडायचं, चावी भरायची, सुई बसवायची. मास्टर दीनानाथ आणि हिराबाई बडोदेकर घरोघर पोचले ते अशा काळ्या, दिसायला सुमार पेट्यांतून. त्या पेटीला कर्णा नाही, म्हणून आजच्या बाजारात तिला भाव नाही.

भाव नाही म्हणूनच ती मोडली जाते. उत्तर भारतात तयार होणाऱ्या बनावट कर्णेवाल्या यंत्रांत बहुतेक वेळा जुन्या पोर्टेबलची मोटर, तबक आणि सुई बसते तो साउंडबॉक्स काढून बसवलेला असतो. पेटी नवी, कर्णा नवा, पट्टी नवी. ही यंत्रं परदेशातही इतकी गेली आहेत की तिथल्या संग्राहकांनी त्यांना ‘क्रॅपोफोन’ असं शेलकं नाव ठेवलं आहे. मला यातली सगळ्यात मोठी फसवणूक गिऱ्हाइकाची वाटत नाही. एक अस्सल यंत्र मारून एक खोटं उभं केलं जातं, आणि पैसे मोजले जातात ते खोट्या भागाचे, हे जास्त लागतं.

फोटोवरूनही बरंच कळतं. कर्ण्यापासून खाली येणारी वाकडी नळी पाहा. मूळ यंत्रांत ती आणि तिला तोलणारा कंस सफाईदार ओतकामाचे असतात. नकलेत जाडजूड पितळी पाइप वाकवून डाग दिलेला दिसतो. मूळ कर्णे बरेचदा रंगवलेल्या पत्र्याचे किंवा लाकडाचे असत. पितळी कर्णेही होते, पण पितळेचा लखलखाट हा जुनेपणाचा पुरावा नव्हे. कुत्र्याचं चित्र खऱ्या यंत्रावर बहुधा लाकडावर उतरवलेल्या रंगीत छापाचं असतं. नकलेवर ते ठसठशीत पितळी बिल्ल्यावर येतं. स्क्रू पाहा. फुलीच्या खाचेचा फिलिप्स स्क्रू 1930 च्या दशकातला, म्हणून ‘1910 च्या’ यंत्रावर तो असेल तर निदान दुरुस्ती तरी झालेली आहे. एचएमव्हीची पट्टी आणि एडिसनचं नाव एकत्र दिसलं, तर पुढे वाचण्याचे कष्ट घेऊ नयेत. ते दोन प्रतिस्पर्धी होते. आणि विक्रेत्याकडे तबकाखालच्या मोटरचा फोटो व एक बाजू संपूर्ण वाजल्याचा व्हिडिओ मागावा. दहा इंची तबकडीची एक बाजू साधारण तीन मिनिटांची असते. तेवढ्यातच यंत्र रडू लागलं, तर ‘चालू स्थितीत’चा अर्थ उलगडतो.

‘सर्व रेकॉर्ड वाजतात’ हे वाक्य तर घातकच. जुन्या साउंडबॉक्सचा भार शंभर ग्रॅमच्या वर असतो. एलपीला दोन-तीन ग्रॅमची सुई लागते. एलपी अशा यंत्रावर एकदा लावली की ती संपली. 78 फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्यांसाठीही पोलादी सुई दर बाजूला बदलावी लागते, आणि नकलेत नळीचा कोन चुकलेला असला तर ती खाचा खरवडत जाते.

कायद्याची गंमत वेगळीच. 1972 च्या पुरावस्तूविषयक कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या कारागिरीच्या वस्तू खासगी व्यक्तीला निर्यात करता येत नाहीत. म्हणजे ‘1905 चा अस्सल’ आणि ‘जगभर घरपोच’ हे दोन दावे एकाच जाहिरातीत असतील, तर एक खोटा आहे किंवा दुसरा बेकायदा. देशातल्या खरेदीसाठी 2020 चे ई-कॉमर्स नियम आहेत. तक्रार निवारण अधिकाऱ्याने 48 तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याच्या आत तिचा निकाल लावायचा असतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915. जाहिरातीचा मूळ मजकूर मात्र पैसे देण्याआधीच साठवून ठेवा, नंतर तो बदलतो.

नुसती शोभेची वस्तू हवी असेल तर नकली कर्णा घ्यायला हरकत नाही. फक्त शोभेच्या वस्तूची किंमत द्या. ऐकायचं असेल तर पोर्टेबल शोधा. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात कधीमधी ती दिसते. आणि तुमच्या माळ्यावर आजोबांची अशी पेटी पडून असेल, तर ती भंगारात काढू नका. विकायचीच असली, तर मोटर, साउंडबॉक्स आणि चावीसकट अखंड विका.