तिकोनी काच

भंगारवाला दोनदा येऊन गेला, तेव्हा आत्याबाई काहीच बोलल्या नाहीत. तिसऱ्यांदा तो आला नि गाडीच्या बॉनेटवर टिचक्या मारून भाव करू लागला, तशा त्या ओट्यावरून उठून मुकाट घरात गेल्या. त्यांचं ते उठून जाणं पाहिलं आणि मी त्याला परत पाठवलं.

गाडी मामाजींची, प्रीमियर पद्मिनी. ते गेल्यापासून आठ वर्षं अंगणातल्या कडुलिंबाखाली उभी. आत्याबाईंना दर महिन्याला उमरखेडहून नांदेडला डॉक्टरांकडे न्यावं लागतं. मुलगा म्हणतो, भाड्यानं एसी गाडी करू. पण बंद काचांच्या गाडीत बसलं की हदगाव येईस्तोवर त्यांना मळमळायला लागतं. लिंबू हुंगा, आवळासुपारी चघळा, काही उपयोग नाही. मामाजींच्या गाडीत मात्र त्यांना कधी गाडी लागली नाही. "मले काय होते? थे तिकोनी काच उघडी पाहिजे, बस!" असं त्या म्हणायच्या.

ज्यांनी जुनी फियाट पाहिली असेल त्यांना ही काच आठवेल. पुढच्या दाराच्या मोठ्या काचेपुढे असलेली, वरच्या नि खालच्या खुंटीवर फिरणारी त्रिकोणी खिडकी. जरा किलकिली केली, तर पळत्या गाडीतली कोंदट हवा मागच्या फटीतून बाहेर ओढली जाते. पुरती फिरवली, की तीच काच सुपासारखी वारा आत लोटते. ना पंखा, ना वीज! फियाट ११०० मूळची इटलीची. मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ती बनवली आणि १९७४ पासून तिला पद्मिनी हे नाव मिळाले. २००० सालाच्या सुमारास उत्पादन थांबले आणि २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटच्या पद्मिनी टॅक्सीही गेल्या. एसी आला तशी नव्या गाड्यांतून ही काच निघून गेली होतीच.

आमच्या गाडीचं इंजिन मेस्त्रीनं चार दिवसांत बोलतं केलं. अडलं ते काचेपाशी. दोन्ही बाजूंच्या काचा गंजून जाम झालेल्या. मेस्त्री म्हणाला, "लांबी भरून बंदच करून टाकू, वहिनी." मी नाही म्हटलं आणि हौसेनं कडी दाबून जोर दिला, तर कडीचा तुकडा माझ्या हातात! घाई करू नये, हे तेव्हा कळलं.

मग रीतसर सुरुवात केली. दाराचं पुठ्ठ्याचं अस्तर काढलं. स्क्रू निघतील तसे हळदी-कुंकवाच्या रिकाम्या डब्यांत ठेवून त्यांवर चिठ्ठ्या डकवल्या, नाहीतर शेवटी दोन स्क्रू उरतात नि कुठले ते कळत नाही. खुंट्यांवर रॉकेलचे थेंब सोडून दोन रात्री तसंच ठेवलं. तिसऱ्या दिवशी काच चौकटीसकट निघाली. रबर खारकेसारखं वाळलेलं. ते सुरीनं खरवडू नका, चौकटीवर ओरखडे जातात. मी बांबूची काडी वापरली. मुलाम्यावरचा वरवरचा तांबेरा चांदीच्या कागदाचा बोळा पाण्यात भिजवून घासला की निघतो. पण मुलामा फुगून पापुद्रे सुटले असतील तर घासण्यात अर्थ नाही, नवा मुलामाच द्यावा लागतो.

खरा घोर निघाला दाराच्या पोटात. वाळलेल्या रबरातून पावसाचं पाणी आत जातच असतं; ते वाहून जायला दाराच्या तळाशी छोटी भोकं असतात. आमच्याकडे ती कडुलिंबाच्या पानांनी नि मातीनं बुजली होती. वर्षानुवर्षं पाणी साचून पत्रा तळातून चाळणी झालेला! तो कापून नवा डाग लावायला काचेच्या दुप्पट खर्च आला. गाडी उभी असली तरी वर्षातून एकदा ती भोकं काडीनं मोकळी करा, एवढं माझं ऐका.

नवं रबर आणि कडी मुंबईच्या चोरबाजारातून भाच्यानं पाठवली. रबर बसवताना तेल, ग्रीस किंवा रॉकेल लावू नये, रबर फुगतं. साबणाचं पाणी पुरतं. आणि ताणून तर मुळीच बसवू नका. ताणलेलं रबर काही दिवसांनी आखडतं आणि नेमकी कोपऱ्यात फट पडते. खालच्या खुंटीला स्प्रिंग नि नट असतो. नट सैल राहिला तर वाऱ्यानं काच आपोआप मिटते, फार आवळला तर पुन्हा कडी तुटते. एका बोटानं फिरेल पण सोडल्यावर जागची हलणार नाही, इतपत आवळायचा. शेवटी फ्रिजच्या दाराची करतो तीच परीक्षा! कागदाची पट्टी अडकवून काच लावायची आणि पट्टी ओढायची. सहज निघाली तर तिथून पाणी येणार. आमची एका कोपऱ्यात निघाली; तेवढं रबर पुन्हा बसवलं.

मे महिन्यात, पारा बेचाळीसच्या वर असताना आम्ही नांदेडला निघालो. आत्याबाई पुढे बसल्या. लिंबू मी पिशवीत घेतलं होतं, त्यांना सांगितलं नाही. पैनगंगेच्या पुलावर त्यांनी काच पुरती फिरवली, तोंडावर वारा घेतला. हदगाव मागे गेलं तरी त्या गप्पच. मी भीतभीत विचारलं, "आत्याबाई, बरं वाटतं ना?"

"चूप बस," त्या म्हणाल्या, "वारा घेऊ दे मले."